जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या एंजिनाची अस्थिर मंदगती : कारणमीमांसा व निदानाचा क्रम

मोटार उभी असताना आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर नसताना एंजिन ज्या किमान गतीने स्वतःच्या बळावर फिरत राहते, त्या गतीला मंदगती म्हणता येईल. कारागिरांच्या बोलीत हिलाच 'आयडलिंग' म्हणतात. ही गती स्थिर असावी अशी अपेक्षा असते. परंतु जुन्या मोटारींत, आणि विशेषतः दोन कार्ब्युरेटर असलेल्या स्पोर्ट्‌स मोटारींत, ती पुष्कळदा स्थिर नसते. एंजिन कधी आपोआप वेग घेते, कधी मंदावते, कधी सारी गाडी थरथरवते, तर कधी चौकात थांबताच बंद पडते. अशा वेळी बहुतेक मालकांचा, आणि बऱ्याच कारागिरांचाही, हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. तो फिरवल्यावर काही दिवस बरे जातात आणि नंतर तक्रार पुन्हा उद्भवते.

मंदगतीतील अस्थिरता हे लक्षण आहे, रोग नव्हे. आणि कार्ब्युरेटर हे या लक्षणाच्या तपासाचे आरंभस्थान नसून अखेरचे स्थान आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. हा क्रम केवळ कारखान्यातील शिस्त म्हणून सांगितला जातो असे नाही. मंदगतीच्या वेळी एंजिनात जे घडते त्यातूनच तो निष्पन्न होतो. विवेचन मोघम राहू नये म्हणून एकच गाडी उदाहरणादाखल घेतली आहे. ती म्हणजे इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे 1962 ते 1980 या काळात तयार झालेली एम.जी.बी. या गाडीच्या पाच लाखांहून अधिक प्रती बनल्या, त्यांपैकी पुष्कळ आजही रस्त्यावर आहेत, आणि तिच्या रचनेत या प्रश्नाची बहुतेक सर्व अंगे एकत्र आढळतात.

मंदगतीचे भौतिक स्वरूप

एम.जी.बी.च्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचे घनमान 1798 घन सेंटिमीटर आहे. मंदगतीला ते, घडणीच्या वर्षानुसार, मिनिटाला साधारण 500 ते 850 फेरे करते. या अवस्थेत एंजिन जी शक्ती निर्माण करते ती सर्वच्या सर्व स्वतःचे घर्षण, पाण्याचा पंप, डायनॅमो आणि हवा ओढण्याचे श्रम यांतच खर्ची पडते. शिल्लक अशी काहीच नसते. साठ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत एखादी ठिणगी चुकली, तर गाडीचे वजन व गती ती चूक पोटात घालतात. मंदगतीत असा कोणताही साठा हाताशी नसतो. म्हणून लहानशी उणीवही लगेच कानावर येते.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. थ्रॉटलची चकती या वेळी जवळजवळ मिटलेली असते. दट्ट्ये खाली जाताना हवा ओढू पाहतात, पण वाट अगदी अरुंद असल्यामुळे इनलेट मॅनिफोल्डमधील दाब पुष्कळ उतरतो. निरोगी एंजिनात निर्वातमापक अशा वेळी पाऱ्याचे 18 ते 20 इंच दाखवतो. म्हणजे मॅनिफोल्डमध्ये वातावरणाच्या दाबाचा सुमारे एक तृतीयांशाहून थोडा अधिक भागच शिल्लक राहिलेला असतो. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या सुमारे 53 टक्क्यांहून खाली गेला, की फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोहोचते आणि त्यापुढे पलीकडचा दाब आणखी कितीही उतरला तरी दर मिनिटाला जाणाऱ्या हवेचे वजन वाढत नाही. याचा परिणाम महत्त्वाचा आहे. मंदगतीत एंजिनाला दर मिनिटाला मिळणारी हवा जवळजवळ ठरलेली असते. एंजिन 700 फेऱ्यांवरून 600 वर घसरले, तर तीच हवा कमी वेळा वाटली जाते आणि प्रत्येक सिलिंडराच्या वाट्याला सुमारे एक षष्ठांश हवा अधिक येते. स्फोट अधिक जोरदार होतो आणि गती पुन्हा वर येते. उलट गती वाढली तर प्रत्येक घोट लहान होतो आणि गती आपोआप आवरली जाते. तात्पर्य, स्थिर मंदगती हा एंजिनाचा स्वभावच आहे. ती बिघडली असेल तर हे स्वयंनियमन कशामुळे मोडले, एवढाच प्रश्न उरतो.

तिसरी गोष्ट सिलिंडरमध्ये मागे राहणाऱ्या जळलेल्या वायूची. एम.जी.बी.च्या कॅमशाफ्टची घडण अशी आहे की इनलेट झडप दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी 16 अंश उघडते आणि एक्झॉस्ट झडप माथ्यानंतर 21 अंशांनी मिटते. म्हणजे क्रँकशाफ्टच्या 37 अंशांपर्यंत दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या असतात. वेगाच्या प्रसंगी हे हितकारक असते. मंदगतीत मात्र मॅनिफोल्डमधील कमी दाबामुळे जळलेला वायू उलट आत खेचला जातो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. असे भेसळ झालेले मिश्रण पेटण्यास नाखूश असते. त्याला सशक्त ठिणगी आणि पेट्रोलचे थोडे चढते प्रमाण लागते. स्पोर्ट्‌स मोटारीची मंदगती घरगुती मोटारीइतकी गुळगुळीत नसते, याचे एक कारण येथे आहे. आणि निदान करताना हा स्वाभाविक खडबडीतपणा व बिघाड यांत फरक केला पाहिजे.

रचनेतील एक विशेष

या एंजिनाच्या कुळाला 'बी-सिरीज' असे नाव आहे. त्याच्या सिलिंडर हेडमध्ये चार सिलिंडरांना हवा घेण्यासाठी चार वाटा नसून दोनच आहेत. पहिला व दुसरा सिलिंडर एका वाटेने श्वास घेतात, तिसरा व चौथा दुसऱ्या वाटेने. प्रत्येक वाटेवर एक याप्रमाणे दोन एस.यू. कार्ब्युरेटर बसवलेले असतात, आणि दोन्ही वाटा एका आडव्या समतोल नळीने जोडलेल्या असतात. सिलिंडर पेटण्याचा क्रम 1, 3, 4, 2 असा आहे. हा क्रम लक्षपूर्वक पाहिला तर असे दिसते की, दुसऱ्यापाठोपाठ लगेच पहिला आणि तिसऱ्यापाठोपाठ लगेच चौथा हवा ओढतो. म्हणजे प्रत्येक कार्ब्युरेटरवर लागोपाठ दोन घोटांचा ताण येतो आणि मग दीर्घ विश्रांती. चारही सिलिंडरांना अगदी एकसारखे मिश्रण मिळणे या रचनेत मुळातच अशक्य आहे. तथापि हीच जोडरचना निदानकर्त्याला फार उपयोगी पडते, ते पुढे स्पष्ट होईल.

एस.यू. कार्ब्युरेटरविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. स्किनर बंधूंनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो सिद्ध केला आणि 1926 मध्ये त्यांचा कारखाना मॉरिस यांनी विकत घेतला. यात हवेच्या वाटेवर एक वरखाली सरकणारा भाग असतो. त्याला पिस्टन म्हणतात. सिलिंडरमधील दट्ट्याशी त्याची गल्लत करू नये. हवेची ओढ वाढली की पिस्टन वर उचलला जातो, घटली की खाली येतो, आणि त्यामुळे जेटवरील निर्वात जवळजवळ कायम राहतो. पिस्टनच्या तळाला निमुळती सुई असून ती पेट्रोलच्या जेटमध्ये उतरते. या गाडीच्या जेटचे छिद्र 0.090 इंच व्यासाचे आहे आणि मंदगतीच्या वेळी त्यात असणारा सुईचा भाग सुमारे 0.089 इंच जाडीचा असतो. म्हणजे सुईभोवती पेट्रोलला वर येण्यास प्रत्येक बाजूला इंचाच्या दोन हजार भागांपैकी एक भाग एवढीच फट उरते. वर्षानुवर्षे घासून जेट लंबवर्तुळाकार झाले, तर सर्वांत मोठा फरक येथे, मंदगतीतच पडतो.

लक्षणांचे वाचन

कोणताही स्क्रू हाती घेण्यापूर्वी एंजिन पूर्ण गरम करावे आणि चोक खरोखर मागे गेला आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. चोकची तार अडकल्याने जेट खालीच राहणे, हे 'कार्ब्युरेटर बिघडला' या तक्रारीचे एक नित्याचे कारण आहे. त्यानंतर तीन साक्षीदारांची साक्ष घ्यावी.

पहिला साक्षीदार एक्झॉस्टचा आवाज. मिश्रण पातळ असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडत असेल, तर आवाज अनियमित व फसफसता येतो आणि धूर रंगहीन असतो. मिश्रण दाट असेल तर चुकण्याला एक प्रकारचा ताल असतो आणि धुरावर काळी झाक येते. ठोका ठरावीक अंतराने, प्रत्येक वेळी सारखाच चुकत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरात आहे.

दुसरा साक्षीदार निर्वातमापक. काटा उंच व स्थिर असेल तर एंजिन मूलतः निरोगी आहे. काटा स्थिर पण खाली असेल तर ठिणगी उशिरा पडते आहे किंवा कोठेतरी हवा गळते आहे. काटा नियमित अंतराने झटका देऊन खाली येत असेल तर एखादी झडप नीट मिटत नाही. तो सावकाश इकडून तिकडे तरंगत असेल तर संशय मिश्रणाकडे जातो. येथे स्थळाच्या उंचीचे भान ठेवले पाहिजे. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरावा लागतो. म्हणून मुंबईत 19 दाखवणारे तेच एंजिन पुण्यात 17 च्या आसपास दाखवील आणि तरीही ते निर्दोष असेल.

तिसरा आणि सर्वांत बोलका साक्षीदार म्हणजे एकेका प्लगची तार क्रमाने काढून पाहणे. सुटलेली तार एंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावी व हाताला विजेचा धक्का बसणार नाही अशी काळजी घ्यावी. निरोगी सिलिंडरची तार काढली की गती स्पष्ट उतरते. ज्या सिलिंडरची तार काढूनही फरक पडत नाही तो मुळातच काम करत नसतो. वर सांगितलेली जोडरचना येथे उपयोगी पडते. एकटाच सिलिंडर दुबळा असेल तर दोष त्याच्या प्लगमध्ये, तारेत किंवा झडपेत शोधावा. पहिला व दुसरा, किंवा तिसरा व चौथा अशी जोडी दुबळी असेल, तर त्यांची समाईक वस्तू म्हणजे कार्ब्युरेटर व त्याचा सांधा. संशय तेथे घ्यावा. दुसरा व तिसरा असे मधले शेजारी दुबळे असतील तर त्यांची हवेची वाट समाईक नाही, समाईक आहे ती दोघांमधील हेड गॅस्केटची चिंचोळी पट्टी. ती जळलेली असण्याचा संभव मोठा. आणि चारही सिलिंडर सारखेच डळमळत असतील तर कॉइल, पॉइंट, टायमिंग अशा चौघांना सामाईक असलेल्या भागांकडे वळावे. अवघ्या पाच मिनिटांची ही परीक्षा तपासाचे क्षेत्र निम्म्याहून अधिक आखडते.

निदानाचा क्रम

(1) झडपा व दाब. सर्वप्रथम एंजिनाचा यांत्रिक पाया तपासावा. कारण येथील दोष कोणत्याही स्क्रूने दुरुस्त होत नाही. या एंजिनाच्या झडपांचे अंतर, ज्याला कारागीर टॅपेटचे अंतर म्हणतात, 0.015 इंच असावे लागते. अंतर कमी झाले की झडप पूर्ण मिटत नाही आणि मंदगतीत, जेथे आधीच दाब कमी असतो, तेथे ही गळती प्रथम जाणवते. खडखडणारा टॅपेट ऐकू येतो म्हणून त्याची दखल घेतली जाते. आवळ झालेला टॅपेट मात्र गप्प असतो आणि तोच अधिक घातक ठरतो. त्याला एक आधुनिक कारणही आहे. शिसेयुक्त पेट्रोलमधील शिशाचे संयुग जळल्यावर एक्झॉस्ट झडपेच्या बैठकीवर रक्षक थर बसत असे. ब्रिटनमध्ये अशा पेट्रोलची सर्वसाधारण विक्री 1999 च्या अखेरीस थांबली. तेव्हापासून, ज्या जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवलेल्या नाहीत त्यांत झडप हळूहळू बैठकीत रुतते आणि टॅपेटचे अंतर आपोआप घटत जाते.

अंतर ठीक केल्यावर चारही सिलिंडरांचा दाब मोजावा. आकड्यांची उंची जितकी महत्त्वाची, त्याहून त्यांची परस्परांशी जवळीक महत्त्वाची. एखादा सिलिंडर इतरांहून दहा-पंधरा टक्क्यांनी मागे असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष दट्ट्याच्या रिंगांचा. न वाढला तर झडपेचा किंवा गॅस्केटचा समजावा.

(2) ठिणगी. भेसळ झालेले पातळ मिश्रण पेटवण्याचे काम मंदगतीत सर्वांत कठीण असते, हे वर आलेच आहे. पॉइंटचे अंतर 0.014 ते 0.016 इंच आणि प्लगचे 0.025 इंच असावे. परंतु अंतर एकदा बरोबर भरले म्हणजे ते प्रत्येक ठिणगीला बरोबर राहतेच असे नाही. डिस्ट्रिब्यूटरचा मधला दांडा बुशमध्ये सैल झाला असेल तर तो डुलतो आणि चार सिलिंडरांना चार निरनिराळी अंतरे मिळतात. टायमिंग लाइटच्या प्रकाशात पुलीवरील खूण एका जागी न दिसता पुढेमागे विखुरलेली दिसली, तर हा दोष निश्चित समजावा.

याहून सूक्ष्म असा एक दोष डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात असतो. गती वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी म्हणून तेथे दोन वजने व दोन स्प्रिंगा असतात. स्प्रिंगा ताणून सैल झाल्या की ही वजने मंदगतीतच हलू लागतात. मग एंजिन जरा मंदावले की ठिणगी उशिरा पडते, ठिणगी उशिरा पडली की एंजिन आणखी मंदावते; आणि गती वाढू लागली तर ठिणगी लवकर पडून ती आणखी वाढवते. हवेच्या मोजक्या पुरवठ्यामुळे जे स्वयंनियमन घडते त्याच्या नेमकी उलट अशी ही क्रिया आहे. एंजिनाची गती लाटेसारखी चढत-उतरत राहणे हे तिचे लक्षण. कार्ब्युरेटर कितीही जुळवला तरी ही लाट शमत नाही. या भागात नवा कंडेन्सर किंवा नवा रोटर घातला असला तरी त्याला तपासणीतून सूट देऊ नये. नवा भाग म्हणजे निर्दोष भाग असे समीकरण नाही.

(3) हवागळती. जुन्या गाडीत अस्थिर मंदगतीचे हे एक मोठे कारण आहे आणि त्याचे गणित उद्‌बोधक आहे. 700 फेऱ्यांना हे एंजिन, मॅनिफोल्डमधील विरळ हवेचा हिशेब करता, बाहेरची सुमारे 200 लिटर हवा दर मिनिटाला घेते. आता एखाद्या सांध्यात 3 मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी फट पडली असे समजू. ध्वनीच्या वेगाने आत घुसणारी हवा या फटीतून मिनिटाला सुमारे 60 लिटर येईल; म्हणजे एकूण गरजेच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. ही हवा कार्ब्युरेटरमधून न आल्यामुळे तिच्याबरोबर पेट्रोल येत नाही. कार्ब्युरेटरमध्ये वजनाने 13 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असे प्रमाण असेल, तर सिलिंडरपर्यंत पोहोचताना ते 18 भागांच्या पलीकडे जाते. असे मिश्रण मंदगतीत भरवशाने पेटत नाही. उलट, 5000 फेऱ्यांना थ्रॉटल पूर्ण उघडे असताना एंजिन मिनिटाला साडेतीन हजार लिटरांच्या आसपास हवा घेते आणि मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या दाबाजवळ आलेला असल्याने फटीतून जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून 'रस्त्यावर उत्तम, थांबली की बंद' ही तक्रार ऐकताच हवागळतीची आठवण व्हावी.

फटी शोधण्याची ठिकाणे ठरलेली आहेत : मॅनिफोल्ड व हेड यांमधील गॅस्केट, कार्ब्युरेटरचे सांधे, ब्रेकच्या सर्व्होकडे जाणारी रबरी नळी, आणि समतोल नळीवरील टोपणे. 1964 नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांत मॅनिफोल्डवर क्रँककेसमधील वाफा ओढून घेणारी एक पडद्याची झडप असते. तिचा रबरी पडदा फाटला की तीच गळती बनते. एंजिन मंदगतीत असताना तेलाचे टोपण काढले तर झडप चांगली असल्यास गती सुमारे 200 फेऱ्यांनी वाढते. काहीच फरक न पडल्यास झडप उघडून पाहावी. पुढच्या काळातील काही गाड्यांत थ्रॉटलच्या चकतीवरच एक छोटी स्प्रिंगची झडप असते. ती नीट मिटली नाही, तर स्क्रू पूर्ण सोडूनही गती खाली येत नाही. सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे थ्रॉटलची दांडी ज्या भोकात फिरते ते भोक. दांडी बोटाने वरखाली हलवताच आवाज बदलला, तर बुश झिजले आहे. सांधे तपासताना त्यांवर थोडेसे पातळ तेल लावावे. फट क्षणभर बुजली की गती बदलते. गरम एक्झॉस्टच्या अगदी वर पेट्रोल किंवा तत्सम ज्वालाग्राही द्रव शिंपडण्याची रूढी मात्र सर्वथा त्याज्य आहे. या गाडीत कार्ब्युरेटर व एक्झॉस्ट एकाच बाजूस आहेत.

(4) कार्ब्युरेटर. वरील तिन्ही टप्पे पार पडल्यावरच कार्ब्युरेटरला हात लावावा. आणि तेव्हा काम अगदी थोडे उरलेले असते. पिस्टन वर उचलून सोडल्यावर 'टक्' असा स्वच्छ धातूचा आवाज करून खाली बसला पाहिजे. न बसला तर सुई जेटला घासते किंवा आत मळ आहे. दोन्ही कार्ब्युरेटर जोडणाऱ्या दांडीच्या पकडी सैल करून, नळी कानाला लावून, दोघांच्या तोंडाशी हवेचा सूं असा आवाज सारखा होईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवावेत. मग मिश्रण. जेटचा नट वर चढवला की मिश्रण पातळ होते, खाली उतरवला की दाट. जेट पुलाशी समपातळीत आणून दोन पूर्ण फेरे खाली घेणे हा आरंभ होय. नंतर पिस्टन सुमारे एक बत्तिसांश इंच उचलून पाहावा. गती किंचित वाढून स्थिरावली तर मिश्रण योग्य. वाढून वाढलेलीच राहिली तर दाट. लगेच कोसळली तर पातळ. ही परीक्षा दोन्ही कार्ब्युरेटरांवर आळीपाळीने करावी, कारण समतोल नळीमुळे एकाचा बदल दुसऱ्यावर थोडासा उमटतो.

क्रम मोडल्यास

क्रम का पाळावा याचे उत्तर आता सोपे आहे. हवागळती असताना मालकाने जेट खाली घेऊन मिश्रण दाट केले असे धरा. मंदगती सुधारेल, कारण गळतीची हवा व जादा पेट्रोल यांचा मेळ बसेल. पण गाडी रस्त्यावर येताच गळती नाहीशी होते आणि जादा पेट्रोल तेवढे राहते. प्लग काजळतात, पेट्रोलचा खप वाढतो, आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन नेते. रिंगा व सिलिंडर झिजतात. काही आण्यांच्या गॅस्केटचा दोष लपवण्याची किंमत अखेर संपूर्ण एंजिन उघडण्याने चुकवावी लागते. आवळ टॅपेटच्या बाबतीतही असेच. मंदगतीचा स्क्रू चढवून थरथर झाकली, तर एक्झॉस्ट झडपेला बैठकीवर टेकून थंड होण्यास अवसर मिळत नाही आणि ती काही काळाने जळते. दोन्ही प्रसंगी अस्थिर मंदगतीने वेळीच इशारा दिला होता. तो इशाराच बंद करण्यात आला.

यासाठी आणखी एक नियम क्रमाइतकाच कसोशीने पाळला पाहिजे. एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा, आणि उपयोग झाला नाही तर पूर्वस्थिती आणून मगच पुढे जावे. पॉइंट, प्लग व जेट एकदम बदलून एंजिन सुधारले, तर गाडी बरी होते पण ज्ञान काहीच मिळत नाही; आणि ती बिघडली, तर एकाऐवजी तीन संशयित उभे राहतात.

इंधनातील बदल आणि भारतीय संदर्भ

अलीकडे या प्रश्नाला इंधनाची एक नवी बाजू आली आहे. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून सामान्य पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटमधून येणारे मिश्रण सुमारे चार टक्क्यांनी पातळ ठरते. निरोगी एंजिनाला हा फरक सहज झेपतो आणि जेटच्या नटाच्या अल्पशा फेऱ्याने तो भरून निघतो. ज्या एंजिनात आधीच थोडी गळती आहे, ते मात्र यामुळे उंबरठ्यावरून पलीकडे ढकलले जाते. शिवाय जुन्या रबरी नळ्या व पडदे इथेनॉलने खराब होतात, म्हणजे नवी गळतीही उद्भवते. भारतात तर पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण याहून अधिक, वीस टक्क्यांपर्यंत नेण्यात आले आहे.

मराठी वाचकाला हे सारे दूरदेशीच्या छंदाचे वर्णन वाटण्याचे कारण नाही. भारतीय रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या व 2014 पर्यंत उत्तरपाडा येथे तयार होत असलेल्या ॲम्बॅसडर मोटारीला दीर्घकाळ जे 1489 घन सेंटिमीटरचे एंजिन बसवले जाई, ते याच बी-सिरीज कुळातले. सिलिंडरांची तीच जोडरचना, तोच पेटण्याचा क्रम. तेथे कार्ब्युरेटर एकच असल्याने दोघांचा मेळ घालण्याचे काम नाही. पण प्लगची तार काढून जोडीचा दोष ओळखण्याची युक्ती, टॅपेटचा विचार आणि हवागळतीचे गणित यांत काहीच बदलत नाही. आपल्याकडील अनेक जुन्या कारागिरांना ही युक्ती सवयीने अवगत होती. इंधनाचे व झडपांचे नियमन संगणकाने करणारी एंजिने आल्यापासून ती सवय मोडत चालली आहे, म्हणून तिच्यामागील शास्त्र लिहून ठेवणे अगत्याचे ठरते.

सारांश, मंदगती ही एंजिनाची सर्वांत दुबळी अवस्था असल्यामुळेच ती सर्वांत प्रामाणिक अवस्था आहे. वेगात झाकले जाणारे प्रत्येक वैगुण्य तेथे उघडे पडते. प्रथम यांत्रिक पाया, मग ठिणगी, मग हवागळती आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर या क्रमाने जो तपास करील, त्याला बहुधा शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच कारण सापडलेले असेल.